गॅरंटीनंतरचा तेरावा महिना

पत्र

ताई, मी भूलतज्ज्ञ आहे, वय ३४. कुर्डुवाडीजवळच्या गावात एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात ३ ऑगस्ट २०२१ पासून नोकरी करते. पगार १ लाख ६० हजार, त्यात बेसिक ७० हजार. बाहेरच्या नर्सिंग होमचे कॉल धरून, सगळं कापून हातात १ लाख ९० हजारांच्या आसपास येतात. मिस्टर अनुदानित शाळेत शिक्षक, त्यांच्या हातात ५८ हजार. मुलगी जूनमध्ये दुसरीत जाईल. सासूबाई आमच्याजवळ असतात.

पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलने बोलावलंय. पहिलं वर्ष महिना तीन लाखांची मिनिमम गॅरंटी, पुढे केसप्रमाणे. पगारावर येता की कन्सल्टंट म्हणून, असं एचआर विचारतंय. मेमध्येच या, तुमच्या तीन महिन्यांच्या नोटीसचे पैसे आम्ही भरतो, असंही म्हणतात. आमचा विचार असा आहे: गावातलं घर विकायचं (४० लाख येतील, १६ लाखांचं कर्ज बाकी, हप्ता १८ हजार), ९ लाखांची एफडी मोडायची आणि हॉस्पिटलजवळ ९५ लाखांचा फ्लॅट घ्यायचा, ७० लाखांचं कर्ज काढून. मिस्टर राजीनामा देतील, तिथे एखाद्या क्लासमध्ये शिकवतील.

इथे मी एकटीच भूलतज्ज्ञ आहे. रात्रीची झोप राहिलेली नाही, आणि पाच वर्षांत नवीन काही शिकले नाही. मैत्रिणी म्हणतात, पगार दीडपट होतोय, डोळे झाकून जा. आमचं बरोबर चाललंय ना?

उत्तर

डॉक्टर, जा. पण मेमध्ये जाऊ नका, घर विकू नका, आणि मिस्टरांना राजीनाम्याचा विषय एवढ्यात काढू देऊ नका.

तुमच्या जाण्याची खरी कारणं पत्राच्या शेवटी आली आहेत. झोप नाही आणि शिकणं थांबलंय. चौतिसाव्या वर्षी एका भूलतज्ज्ञाने गाव सोडायला एवढी कारणं पुरेशी आहेत. पाच वर्षं एकटीने अख्ख्या गावाचे सिझेरियन आणि अपघात सांभाळलेत, त्याबद्दल कोणाला सफाई देत बसू नका. मात्र "पगार दीडपट होतोय" हे कारण यादीतून आज काढून टाका. ते खरं नाही, आणि सगळी चुकीची पावलं त्या एका वाक्यावर उभी आहेत.

हिशेब मांडून बघू. आज घरात तुमचे १ लाख ९० हजार आणि मिस्टरांचे ५८ हजार, मिळून २ लाख ४८ हजार येतात. पुण्यात कन्सल्टंट म्हणून तीन लाखांवर १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापून हातात २ लाख ७० हजार येतील. मिस्टरांचा पगार बंद. क्लासमध्ये त्यांना काय मिळेल ते आज कोणालाच सांगता येणार नाही, म्हणून ते धरू नका. म्हणजे घरात येणारा पैसा वाढला फक्त २२ हजारांनी. आता ७० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ६१ हजारांच्या जवळ जातो. आजच्या १८ हजारांपेक्षा ४३ हजारांनी जास्त. पुण्यातल्या शाळेची फी, सोसायटीचा मेंटेनन्स, स्वयंपाकाची बाई यातलं काहीही मोजायच्या आधीच तुम्ही दर महिन्याला २१ हजारांनी मागे आहात. आणि हे सगळं गॅरंटी चालू असताना.

शिल्लकही बघा. घराचे ४० लाख, त्यातून कर्जाचे १६ गेले की उरले २४. त्यात एफडीचे ९ घातले की ३३. फ्लॅटला स्वतःचे २५ भरायचे. महिलेच्या नावावर सवलत धरूनही पुण्यात ६ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ५ लाख ७० हजार, वर नोंदणीचे ३० हजार. झाले ३१ लाख. म्हणजे नव्या शहरात, नव्या कामावर, दोन लाख रुपये गाठीशी ठेवून तुम्ही पाऊल ठेवणार. पंखे आणि पडदे घेतानाच ते संपतील.

हे मी इतक्या कळकळीने लिहितेय, कारण आमच्या घरात हेच घडलं आहे. माझे यजमान सर्जन आहेत. २०११ साली आम्ही सांगली सोडून मुंबईला गेलो. वर्षभर महिना दोन लाखांची गॅरंटी होती. मी स्वतः सीए, रोज दुसऱ्यांच्या ताळेबंदात चुका शोधणारी, तरी दर महिन्याला खात्यात गॅरंटीची रक्कम जमा होताना बघून मला तो पगार वाटायला लागला. अकराव्या महिन्यात आम्ही ठाण्यात फ्लॅट घेतला, हप्ता ७८ हजारांचा.

तेराव्या महिन्याची स्लिप अजून माझ्या कपाटात आहे. यजमानांच्या फीचा हिस्सा १,६४,३००. त्यातून विमा कंपन्यांनी नाकारलेल्या रकमेपोटी वजा २१,८५०. पॅकेजमधल्या सवलतीपोटी वजा १४,२००. राहिले १,२८,२५०, त्यावर टीडीएस १२,८२५. हातात १,१५,४२५. हॉस्पिटलने खोटं काही केलं नव्हतं, करारात सगळं लिहिलेलं होतं. आम्ही ते पान वाचलं होतं, पण पहिल्या पानावरचा मोठा आकडा डोक्यात बसला होता. त्या वर्षी आईंच्या पाटल्या गहाण ठेवल्या. त्यांनी स्वतःहून काढून दिल्या आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. पाटल्या सुटायला दोन वर्षं लागली.

म्हणून माझं तुम्हाला एकच मागणं आहे. तेराव्या महिन्यात हातात काय येतं ते दिसेपर्यंत घरातली कुठलीही मोठी गोष्ट हलवू नका. पहिलं वर्ष त्या अजून न आलेल्या आकड्यावर चालवा.

तो आकडा किती असेल, याचा अंदाज एचआर देणार नाही. त्याच हॉस्पिटलात दोन-तीन वर्षं काढलेल्या भूलतज्ज्ञाला भेटा, शक्यतो तुमच्यासारख्याच बाहेरून आलेल्या. भुलीचं काम सर्जनमार्फत येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. जुन्या सर्जनची स्वतःची माणसं ठरलेली असतात. त्यांच्या सकाळच्या ऑपरेशनच्या लिस्टमध्ये नव्या माणसाला जागा मिळायला वेळ लागतो. तोवर तुमच्या वाट्याला रात्रीच्या इमर्जन्सी, एमआरआयला लहान मुलांना झोपवणं आणि सरकारी योजनांच्या पॅकेजमधल्या केस येतील. काम भरपूर, हिस्सा कमी. त्या सहकाऱ्याला सरळ विचारा: गॅरंटी संपल्यावर पहिल्या सहा महिन्यांत हातात किती आले? आपल्यात पैशाचं विचारायला लोक लाजतात. तुम्ही लाजू नका. ज्याने ते दिवस काढलेत तो सहसा खरं सांगतो.

कराराच्या मसुद्यात मी सगळ्यात आधी गॅरंटीचं कलम वाचते. गॅरंटी दोन प्रकारची असते. एकीत तुमचा हिस्सा तीन लाखांपेक्षा कमी भरला तर फरक हॉस्पिटल सोसतं. दुसरीत हॉस्पिटल तो फरक उचल म्हणून देतं आणि पुढच्या महिन्यांच्या हिश्शातून वळता करून घेतं. दोन्हीला लोक गॅरंटीच म्हणतात. दुसऱ्या प्रकारात तेराव्या महिन्यात तुमच्या डोक्यावर कर्ज उभं असतं. पुढचा प्रश्न, तुमचा हिस्सा बिलावर धरणार की वसुलीवर? वसुलीवर असेल तर विमा कंपनीने सहा हजार नाकारले की त्यातला काही भाग तुमच्या खिशातून जातो, मग चूक बिलिंगवाल्याची का असेना. आणि विम्याचे पैसे यायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून गॅरंटी संपल्यावरचा पहिला खरा हिस्साही उशिरा येईल. त्या खड्ड्यावर घालायला घरखर्चाचे सहा महिने बाजूला हवेत. तुमची ९ लाखांची एफडी नेमकी त्यासाठी आहे. तिला हात लावू नका.

नोटीसचे पैसे भरण्याचा जो गोडवा दाखवलाय, त्याच्याखाली बहुतेक दोन वर्षांत सोडलंत तर परत करा, असं कलम असेल. सोडून गेल्यावर शहरात कुठेच काम करू नका, अशी अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. दिलेले पैसे परत मागण्याची अट मात्र टिकू शकते. नोटीसचे पैसे घेऊच नका, कारण मेमध्ये जाण्यात तुमचं उघड नुकसान आहे.

३ ऑगस्टला तुमची पाच वर्षं पूर्ण होतात. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांना, पाच वर्षांची सलग नोकरी लागते. नुसत्या बेसिकवर हिशेब केला तरी ७० हजार गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे २ लाख १ हजार ९२३ रुपये. मेमध्ये गेलात तर ही रक्कम वादात पडेल, आणि ट्रस्टच्या हिशेबनिसाशी भांडायला तुम्ही पुण्याहून किती फेऱ्या मारणार? एवढंच करा: १० मेच्या सुमारास राजीनामा द्या, तीन महिन्यांची नोटीस पूर्ण भरा, शेवटचा दिवस १० ऑगस्टच्या आसपास येऊ द्या. पुण्याच्या लोकांना सांगा की गावात दुसरा भूलतज्ज्ञ नाही, सोय लागेपर्यंत निघता येत नाही. ते खरंही आहे, आणि चांगलं हॉस्पिटल हे ऐकून तुम्हाला कमी लेखणार नाही. नेमणूकपत्र एकदा काढून बघा. ते ठरावीक मुदतीचं असेल, तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कर्मचाऱ्याला वर्षभराच्या नोकरीनंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. तरीही ऑगस्ट सोडू नका. तुमच्या पीएफचीही पाच वर्षं तेव्हाच भरतात. त्याआधी काढलेला पीएफ करपात्र होतो. अर्थात पीएफ मोडायचाच नाही. खातं तसंच राहू द्या, व्याज मिळत राहील. नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो, तेवढं विवरणपत्रात दाखवा.

आता पगार की कन्सल्टंट. फरक मोठा आहे, म्हणून इथे थोडं थांबू. वर्षाला ३६ लाख पगार म्हणून घेतलेत तर नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ३५ लाख २५ हजारांवर कर लागतो. उपकरासह तो ६ लाख ६३ हजार होतो, महिन्याला ५५ हजारांच्या वर. तेच ३६ लाख व्यावसायिक फी म्हणून आले, तर डॉक्टर, वकील, वास्तुविशारद यांच्यासाठी अनुमानित उत्पन्नाची सोय आहे, जिला सगळे जुन्या आयकर कायद्यातल्या कलमावरून ४४एडीए म्हणून ओळखतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमाचा आकडा बदलला, पण सोय कायम आहे. जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची. म्हणजे १८ लाख. त्यावर उपकरासह कर १ लाख ६६ हजार ४००. टीडीएस ३ लाख ६० हजार कापला गेलेला असेल, म्हणजे १ लाख ९३ हजार ६०० परत येतील. जमा ५० लाखांच्या आत असेपर्यंत ही सोय मिळते. रोखीचा भाग ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत. हा पूर्ण वर्षाचा हिशेब झाला. यंदा ऑगस्टपर्यंतचा पगार आणि नंतरची फी असं दोन्ही येईल, त्यामुळे आकडा वेगळा निघेल.

दोन्हींत फरक पाच लाखांचा. म्हणून कन्सल्टंट व्हा, असंच माझं मत आहे. पण नुसतं नाव बदलून भागत नाही. करारात पगारी रजा, पीएफ, हजेरीपट आणि शिस्तीचे नियम नोकरासारखे असतील तर आयकर खातं त्याला पगारच म्हणू शकतं. पुण्यातल्या रुबी हॉल क्लिनिकची संस्था ग्रँट मेडिकल फाउंडेशन, तिच्या प्रकरणात २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे हाच वाद होता. तिथे अशा डॉक्टरांना मिळणारा मोबदला ही व्यावसायिक फी आहे, पगार नव्हे, असा निकाल लागला. पण तो त्यांच्या करारातल्या अटी तपासून लागला. तुमच्या मसुद्यातल्या अटीही तशाच नजरेने बघायला हव्यात. आणि हो, आजवरचे बाहेरचे कॉल, त्यातले रोखीचेसुद्धा, विवरणपत्रात नसतील तर या वर्षापासून न चुकता दाखवा. पुढे कर्जासाठी बँकेसमोर तुमची तीच विवरणपत्रं जाणार आहेत.

कराचे वाचलेले पाच लाख बक्षीस समजू नका. पगारदार डॉक्टरला जे हॉस्पिटल देतं, ते तुम्हाला त्यातून स्वतः विकत घ्यायचं आहे.

पहिली इन्डेम्निटी, म्हणजे व्यावसायिक दायित्वाचा विमा. १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, तेव्हापासून हा विमा ऐच्छिक राहिलेलाच नाही असं मी मानते. ग्राहक तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि उशीर माफही होऊ शकतो. म्हणजे येत्या जुलैत कुर्डुवाडीजवळ दिलेल्या भुलीची नोटीस तुम्हाला पुण्याच्या पत्त्यावर येऊ शकते. या पॉलिसीत घटना कधी घडली एवढंच बघत नाहीत, दावा कधी आला तेही बघतात. दावा येईल त्या दिवशी पॉलिसी चालू हवी आणि घटना पॉलिसीवर छापलेल्या रेट्रोॲक्टिव्ह तारखेनंतरची हवी. दोन नोकऱ्यांच्या मध्ये महिनाभर पॉलिसी बंद राहिली आणि नवी घेताना तारीख नव्याने पडली, की मागची पाच वर्षं उघडी पडतात. एजंटला फोन करून पहिला प्रश्न याच तारखेचा विचारा. पुण्याचं हॉस्पिटल म्हणेल, आमची पॉलिसी आहे. ती हॉस्पिटलला वाचवायला आहे. तुमचं नाव आणि रक्कम त्यात लिहिलेली दाखवत नाहीत तोवर नाही असंच धरा. निघताना ट्रस्टकडून दोन ओळींचं पत्र घ्या, की गरज पडल्यास तुमच्या केसच्या नोंदींची प्रत मिळेल. आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षं ठेवण्याचा नियम आहे, पण जुन्या फायली कुठल्या खोलीत जातात ते तुम्ही पाहिलं असेलच.

आरोग्य विमा राजीनाम्याच्या आधी घ्या. ट्रस्टची ग्रुप पॉलिसी सहसा शेवटच्या दिवशी संपते, आणि कन्सल्टंटला नव्या जागी ती नसते. आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, तो काळ जितक्या लवकर सुरू होईल तितका बरा. सासूबाईंची पॉलिसी वेगळी काढा, म्हणजे त्यांच्या वयामुळे तुमचा हप्ता वाढणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी काढून टाकलाय, हीही सोय आहे. टर्म इन्शुरन्स लागेलच. त्याच्या जोडीला अपघाताची अशी पॉलिसी घ्या, ज्यात काम बंद असलेल्या आठवड्यांचे पैसे मिळतात. तुमचा उजवा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिला तर कन्सल्टंट म्हणून त्या काळात एक रुपयाही येत नाही. जुन्या एलआयसीच्या पॉलिसी असतील तर त्या चालू द्या, पण पुण्यात गेल्यावर "डॉक्टरांसाठी खास" म्हणून जी योजना घेऊन लोक ओपीडीबाहेर बसतील, ती घेऊ नका.

एक गोष्ट विचारू की नको, असं झालं, पण विचारते. दुसऱ्या बाळाचा विचार आहे का? तुम्ही लिहिलं नाहीत, आणि मला सांगायचीही गरज नाही. पण असेल आणि तो पुढच्या दोन वर्षांतला असेल, तर वरचा माझा पाच लाखांचा हिशेब उलटा फिरतो. कर्मचारी असाल तर कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. कन्सल्टंटला ती नाही, आणि गॅरंटीचं वर्ष त्यातच संपून जाईल. तसं असेल तर पगारावर जा, कर भरा, आणि दोन वर्षांनी कन्सल्टंट होण्याचं कलम आत्ताच करारात घालून घ्या.

आता घर आणि माणसं. मिस्टरांची अनुदानित शाळेतली नोकरी एकदा सोडली की तशीच परत मिळणं फार कठीण आहे. तुमचं उत्पन्न जेव्हा महिन्यागणिक वर-खाली होणार, तेव्हा दर महिन्याला येणारे ते ५८ हजार हाच तुमच्या घराचा खांब आहे. तुम्ही एकट्या ऑगस्टमध्ये पुण्यात जा. मुलगी यंदाचं वर्ष बाबांजवळ आणि आजीजवळ, तिच्याच शाळेत राहू दे. हे लिहिताना मला जड जातंय, कारण सात वर्षांचं लेकरू आईपासून लांब राहणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पण जूनमध्ये तिला नव्या शाळेत घालायचं, तुम्ही ऑगस्टपर्यंत गावात, आणि नंतर तुमच्या रात्रपाळ्या सुरू. मग तिच्याजवळ पुण्यात कोण असणार? शुक्रवारी संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरली की रात्री कुर्डुवाडीला उतराल. करारात दर पंधरवड्याला एक पूर्ण शनिवार-रविवार मोकळा मागा. लेखी मागा. पैशांपेक्षा हे आधी मागा.

राहायला वन आरके किंवा वन बीएचके भाड्याने घ्या. हॉस्पिटलकडे पहिल्या तीन महिन्यांच्या राहण्याची सोय मागून बघा, बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांसाठी खोल्या असतात आणि न मागणाऱ्याला कोणी सांगत नाही. भाड्याचा करार नोंदणीकृत असू द्या. वर्षभराचा लॉक-इन (मध्येच घर सोडता न येण्याची अट) असेल तर सही करू नका. गावातलं घर आहे तसंच राहील, कारण त्यात माणसं राहणार आहेत.

फ्लॅटचं पुढच्या वर्षाच्या शेवटी बघू. तोवर गॅरंटीनंतरच्या तीन-चार स्लिपा हातात असतील. नव्याने कन्सल्टंट झालेल्या डॉक्टरकडे बँका साधारण दोन वर्षांची विवरणपत्रं मागतात, तीही तोवर तयार होत येतील. पगाराची स्लिप आहे तोवर कर्ज काढून घ्या, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. बँक स्लिप बघून कर्ज देते, हप्ता मात्र वीस वर्षं तुम्हाला भरायचा असतो.

किरकोळ कामं: महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये पत्ता बदलून घ्या. राज्याबाहेर जात नाही, त्यामुळे नवी नोंदणी लागत नाही. कन्सल्टंट म्हणून व्यवसाय कराची नोंदणी स्वतः करावी लागते, वर्षाला अडीच हजार. अनुमानित उत्पन्न दाखवणाऱ्याला आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो. यंदा पगार आणि फी दोन्ही असल्यामुळे फेब्रुवारीत एकदा हिशेब करून घ्या. मागच्या वर्षांचे फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) आणि अनुभवाचं पत्र घेतल्याशिवाय ट्रस्टचं ऑफिस सोडू नका.

पुण्याच्या कराराचा मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठवा. नावं खोडून पाठवलंत तरी चालेल. त्यासोबत तुमच्या चालू इन्डेम्निटी पॉलिसीचं पहिलं पानही जोडा, तारीख मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आहे.